मारेगावच्या नावची जागा

नलू नगराळेला मारेगावात सगळे नलूमॅडम म्हणत. कागदावर मात्र सोळा वर्षांत ती कधी मॅडम झाली नव्हती. ज्युनिअर कॉलेजातले शारीरिक शिक्षणाचे तास तिच्याकडे तासिका तत्त्वावर होते. जून लागला की नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि परीक्षा आटोपल्या की घरी. तिचा नवरा शाम वीज मंडळात लाइनमन होता. तो म्हणे, "तू खांबावरच्या पाखरावानी हायस. रोज बसते, पन खांब काई त्याच्या नावावर होत नाई." नलू हसायची, पण तिला ते आत कुठंतरी लागून राहायचं.

कॉलेजच्या दिवसांत ती अमरावती विद्यापीठाच्या हँडबॉल संघाची गोलकीपर होती. मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. करोनाच्या आदल्या वर्षी यवतमाळला फुटसालचं एक दिवसाचं शिबिर होतं. कॉलेजातून कोणालातरी पाठवायचं होतं आणि कायम नोकरीतल्या मास्तरांना रविवार सोडवत नव्हता, म्हणून नलूला पाठवलं. तिथं तिनं हा खेळ पहिल्यांदा पाहिला. फुटबॉलच, पण छपराखाली, टणक जमिनीवर, पाच-पाच जणांचा. बॉल लहान आणि वजनदार, टाकला तर उसळतच नाही. बाहेर गेलेला बॉल चार सेकंदांत आत मारायचा, नाही तर तो दुसऱ्याचा. आणि गोलची चौकट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. नलू त्या चौकटीत जाऊन उभी राहिली. हीच हँडबॉलची चौकट. वीस वर्षांनी ती आपल्या जागेवर उभी होती. शिबिरातून परत येताना तिच्या पिशवीत एक बॉल होता आणि डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

मैदानाचा प्रश्न आठ दिवसांत सुटला. वणी रोडला एक जिनिंग आहे. दिवाळीच्या मागंपुढं तिथं कापसाचे डोंगर लागतात, पण उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम सरला, की जून ते ऑक्टोबर सगळं सुनं. शंभर फुटांहून लांब टिनाचं शेड, खाली गुळगुळीत सिमेंट, वर आढ्याला चिकटलेला कापूस, आणि कोपऱ्याकोपऱ्यात सरकीचा वास. मालकानं एवढंच म्हटलं, "भिंतीले बॉल मारा, पन टिन फाडू नका." नलूनं चुन्यानं रेघा ओढल्या, वेल्डरकडून दोन चौकटी करून आणल्या आणि कॉलेजच्या मुलींना बोलावलं. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. बॉल जमिनीवर आपटून पाहिला आणि एक जण म्हणाली, "मॅडम, ह्याची हवा गेली हाय."

ती मोनाली. पुढं तीच कॅप्टन झाली.

जिनिंगचा चौकीदार देवसिंग राठोड हा मूळचा ढाणकीकडच्या एका तांड्यावरचा. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत तो, बायको सुखीबाई आणि मुलगी राखी असे राहत. राखी अकरावीत होती, पण खेळायला आली नव्हती. ती शेडच्या तोंडाशी आईनं वाळत घातलेल्या मिरच्या राखत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मोनालीनं जोरात मारलेला बॉल सरळ मिरच्यांकडं निघाला. राखी उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं एक गुडघा जमिनीला टेकवला, दुसरा पाय लांब फाकवला आणि बॉल नडगीवर घेऊन जागीच थांबवला. फुटसालच्या गोलकीपरला हे शिकवायला सहा महिने लागतात.

नलू धावतच गेली. "कोनं शिकवलं तुले?"

"कोनी नाई," राखी घाबरून म्हणाली. "मांगं याडीच्या मिरच्या होत्या."

दुसऱ्या दिवसापासून राखी चौकटीत उभी राहिली. पाच फूट एक इंच उंची, पाय मात्र स्प्रिंगसारखे. नलूनं तिला आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं दिलं. बॉलकडं न पाहता मारणाऱ्याच्या कमरेकडं कसं पाहायचं, कोपरा कसा झाकायचा, हातात बॉल आल्यावर चार सेकंदांत कोणाकडं फेकायचा. "उंचीचा इचार करू नोको," ती रोज सांगे. "चौकट दोन मीटरचीच हाय. ह्या खेळात बॉल खालून येते. ज्याचे पाय चपळ, त्याचा गोल राखला."

सुखीबाईला आधी हे पटत नव्हतं. देवसिंग मात्र खेळ सुरू झाला की खाट शेडच्या दाराशी ओढून बसे आणि मुलीनं बॉल अडवला की एकदाच टाळी वाजवी.

करोना आला आणि गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात मारेगाव फुटसाल क्लबची नोंदणी झाली. पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात नेरच्या मुलींनी त्यांना सहा-एकनं धुतलं. दुसऱ्या वर्षी ह्यांनी नेरला हरवलं आणि विभागीय स्पर्धेत हरल्या. तिसऱ्या वर्षी नाशिकला राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभ्या राहिल्या. समोर कोल्हापूरचा क्लब. तीन-तीन बरोबरी, घड्याळात दीड मिनिट बाकी. राखीनं बॉल अडवला आणि कोणाकडं न फेकता तो पायात घेऊन स्वतःच निघाली.

"मांगं ये! राखी, मांगं ये!" नलू ओरडत होती. चौकट मोकळी पडली होती. बॉल गेला असता तर सगळं संपलं असतं. राखीनं ऐकलं की नाही, देव जाणे. मधल्या रेघेच्या थोडं पुढं जाऊन तिनं पायाच्या टोकानं बॉल हाणला. तो एका मुलीच्या पिंढरीला लागून आत गेला.

मारेगाव राज्याचा विजेता ठरला. आणि त्या वर्षी नियम असा होता की राज्याच्या विजेत्या क्लबला नव्या राष्ट्रीय व्यावसायिक महिला फुटसाल लीगमध्ये जागा मिळणार. देशातले आठ क्लब, त्यात एक मारेगाव.

पंधरा दिवसांनी लीगचं पत्र आलं. क्लबकडं लाकडी फरशीचा हॉल हवा, फिजिओ हवा, परवानाधारक प्रशिक्षक हवा, चौदा वर्षांखालचा संघ हवा. महिन्याभरात कागद दाखवा. नलूनं पत्र तीनदा वाचलं. ह्यातलं मारेगावात काहीच नव्हतं. तिनं राज्य संघटनेच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट समजावून सांगितलं, "एक वर्षाची मुदत मागता येते मॅडम. अर्ज करा. जागा तुमच्याच नावानं राहील, फक्त पुढच्या हंगामात खेळाल."

शाम म्हणाला, "मंग मांग नं मुदत. जिनिंगवाला शेड देतो म्हनून राह्यला. एका सालात फरशी टाकून होईन. आमदारापाशी जाऊ."

"एक साल," नलू म्हणाली. "एका सालात पोट्ट्यायचे लग्न होतात. मोनाली नागपूरले जाऊन राह्यली शिकाले. कोन राह्यते मांगं?"

हे खरं होतं. पण एक गोष्ट तिनं शामला सांगितली नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या रिव्हरसाइड फुटसाल क्लबमधून तिला फोन आला होता.

रिव्हरसाइडचा मॅनेजर इंद्रजीत स्वतः मारेगावात आला. तिशीतला, नम्र माणूस होता. शेडमधला खेळ पाहून मनापासून भारावला. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्याकडं हॉल आहे, फिजिओ आहे, सगळं आहे, फक्त लीगमध्ये जागा नाही. मारेगावकडं जागा आहे. दोन्ही क्लब एक करू. शर्टावर दोन्ही नावं येतील. सहा मुली पुण्याला नेऊ. आणि नलूमॅडम संघाच्या सहायक प्रशिक्षक.

"सहा पोट्ट्या पक्क्या?" नलूनं विचारलं.

"मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन, मॅडम," इंद्रजीत म्हणाला.

कागद इंग्रजीत होता. नलूनं तो घरी नेऊन ओळीनं वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं की खेळाडूंची निवड रिव्हरसाइडची तांत्रिक समिती करेल आणि तिचा निर्णय अंतिम राहील. एकाही मुलीचं नाव कुठं नव्हतं. आठव्या कलमात मात्र एक नाव होतं, पूर्ण टाइप केलेलं: नलिनी शाम नगराळे, सहायक प्रशिक्षक. इतक्या वर्षांत तिचं नाव असं कुठल्या कागदावर कोणी छापलं नव्हतं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. सातवं कलम तिला समजलं नाही असं नाही. समजलं होतं. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला सांगून पाहिलं की त्या लोकांनी फसवलं. पण ते तिचं तिलाच पटलं नाही.

सही करायच्या दिवशी संध्याकाळी ती शेडमध्ये गेली. मुली गोळा झाल्या. देवसिंग खाटेवरून उठून आला.

"मॅडम, कागदात पोट्ट्यायचे नावं हायत नं?" त्यानं विचारलं. "इंग्रजी हाय म्हनते राखी, म्हनून इचारलं."

"हायत, देवसिंगभाऊ."

"राखीचं हाय?"

"राखीशिवाय टीम होईन का?" नलू म्हणाली.

देवसिंगनं मान हलवली आणि तो परत खाटेवर जाऊन बसला.

पुण्याचा हॉल पाहून मुली आधी आतच जाईनात. चपला कुठं काढायच्या हे त्यांना कळेना. फरशी आरशासारखी, त्यावर बुटांचा किरकिर आवाज. राखीनं वाकून हात फिरवून पाहिला आणि नलूला म्हणाली, "मॅडम, अथी गुडघा टेकवला तं खरचटत बी नाई!" तीन आठवडे निवड चाचणी चालली. गोव्याहून आलेले मुख्य प्रशिक्षक कमी बोलणारे होते, हातात सतत वही. दिल्लीहून एक गोलकीपर आली होती, पाच फूट आठ इंच, लांब हातांची. सरावात राखीनं तिच्यापेक्षा कमी गोल खाल्ले. हे नलूनं मोजलं होतं. दुसरं कोणी मोजलं की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

अखेरच्या दिवशी काचेच्या खोलीत बैठक झाली. मुख्य प्रशिक्षक, फिजिओ, इंद्रजीत, आणखी दोघं, आणि टेबलाच्या टोकाला नलू. तिच्या गळ्यात क्लबचं ओळखपत्र होतं, फोटोसकट. आधीच्या बैठकांत ती दोनदा बोलली होती. एकदा मोनालीला उजव्या बाजूला खेळवा म्हणाली, एकदा सरावाची वेळ बदला म्हणाली. दोन्ही वेळा सगळ्यांनी तिच्याकडं पाहून स्मित केलं आणि विषय पुढं गेला. तिच्या बोलण्यातला वऱ्हाडी हेल त्या खोलीत कसा वाजतो, हे तिचं तिलाच ऐकू यायला लागलं होतं.

मोनाली पक्की झाली. बबिता आत्राम राखीव खेळाडूंत आली. मग गोलकीपरचा विषय निघाला. दोनच जागा होत्या. दिल्लीची मुलगी एक. दुसऱ्या जागेसाठी राखी आणि पुण्याचीच एक उंच मुलगी.

इंद्रजीतनं नलूकडं पाहिलं. "मॅडम, राखीला तुम्ही सगळ्यात जास्त ओळखता. तुमचं मत?"

सगळे थांबले. मुख्य प्रशिक्षकांनी पेन उचललं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत कोणी तिच्या तोंडाकडं पाहत होतं. आणि आपली पोरगी म्हणून पुढं करते असं ह्यांना वाटेल, ही भीती कुठून आली कोण जाणे. नलू सावरून बसली आणि शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाली, "मेहनती आहे. पण उंची जरा कमी पडते, सर. या पातळीवर तिला अवघड जाईल."

मुख्य प्रशिक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं. फिजिओनं मान डोलावली. "अगदी बरोबर निरीक्षण," कोणीतरी म्हणालं.

दोन मिनिटांत विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार मुलींना यवतमाळच्या गाडीत बसवून द्यायला नलू गेली. तिघी रडत होत्या, राखी नाही. तिनं खिडकीतून विचारलं, "मॅडम, काहून नाई घेतलं मले? काई सांगतलं का त्यायनं?"

"उंची म्हनून राह्यले होते," नलू म्हणाली.

"पन चौकट तं दोन मीटरचीच हाय."

"हो बाई. त्यायले नाई समजत. पुढच्या साली मी बोलावतो तुले, पक्कं."

गाडी निघून गेली.

लीग सहा आठवडे चालली. तीन शहरांतले मोठे हॉल, दिवे, कॅमेरे, प्रत्येक क्लबचा रंगीत झेंडा. नलूचं काम बाकावरचं. बदली खेळाडूंचे पट्टे वाटायचे, टाइमआउटची चिठ्ठी टेबलावर नेऊन द्यायची, पाण्याच्या बाटल्या. शर्टाच्या बाहीवर लहान अक्षरांत "मारेगाव" होतं. समालोचक मात्र "पुण्याचा संघ" असंच म्हणे. केरळच्या क्लबाशी सामना झाला तेव्हा दिल्लीच्या मुलीनं चार गोल खाल्ले, चारही जमिनीलगत, चारही पायांमधून. तिचे लांब हात वरच्यावर राहिले. मुख्य प्रशिक्षक कपाळाला हात लावून बसले होते. नलू बाटल्यांची क्रेट धरून उभी होती. एकेका गोलागणिक तिला दिसत होतं की इथं गुडघा टेकला असता, इथं पाय फाकला असता. पण तिला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आता ती काय सांगणार होती?

आठांत पाचवा नंबर आला. मोनालीनं सात गोल केले.

दुसऱ्या हंगामाच्या दीड महिना आधी रिव्हरसाइडचा ई-मेल आला. क्लब यापुढं पुरुष संघावर लक्ष देणार असल्यानं महिला विभाग बंद करण्यात येत आहे, सर्वांच्या योगदानाबद्दल आभार. इंद्रजीतनं वेगळा फोन केला, त्याला खरंच वाईट वाटत होतं. तोही दुसरीकडं नोकरी शोधत होता. नलूनं त्याला एकच विचारलं, "मग मारेगावची जागा?"

"ती लीगकडं परत जाईल मॅडम. बहुतेक इंदूरच्या एका क्लबला देतील."

"आम्हाला परत नाही मिळणार?"

"करारात तुमचा क्लब आमच्यात विलीन झाला होता ना," तो हळूच म्हणाला. "कायद्यानं तो आता नाहीच."

बंगळुरूच्या क्लबानं मोनालीला उचललं. ती अजून तिथं खेळते, सणावाराला मेसेज करते. बबिता परत येऊन नर्सिंगला लागली. नलू मारेगावला आली तेव्हा तिच्या तासिका दुसऱ्या कोणाला दिल्या होत्या. शेडला कुलूप होतं. राखीबद्दल तिनं सगळ्यांना विचारलं, फक्त देवसिंगला नाही. त्याच्या दारावरून जाण्याऐवजी ती मागल्या रस्त्यानं जाऊ लागली होती. लोकांकडून कळलं की राखी एसटीत कंडक्टर म्हणून लागली आणि वणीला खोली करून राहते.

मागच्या जानेवारीत नलू एका दाखल्यासाठी यवतमाळला गेली होती. परतीला वणीची गाडी मिळाली. गर्दी होती, ती दांडीला धरून उभी राहिली. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली कंडक्टर मागून माणसं सरकवत आली. खाकी ड्रेस, वेणी घट्ट बांधलेली.

"मारेगाव," नलू म्हणाली, आणि मग तिचं तोंड पाहिलं.

राखीचं बोट मशीनवर क्षणभर थांबलं. "नमस्कार मॅडम." तिनं तिकीट फाडून दिलं. "मोहद्याला सीट खाली होईन, तथी बसजा."

मोहद्याला सीट रिकामी झाली. करंजीपर्यंत गाडी बरीच मोकळी झाली, तेव्हा राखी येऊन शेजारच्या कंडक्टरच्या सीटवर बसली. बराच वेळ ती हिशेबाच्या कागदावर काही लिहीत होती. नलूनं विचारलं, "बरी हायस?"

"बरी हाय."

"खेळून राह्यली का कुठी?"

"कायचं खेळतो मॅडम. डुटी राह्यते." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमच्या सगळ्या मॅची पाह्यल्या मी. बा अन् मी, मोबाइलवर. केरळवाली बी पाह्यली."

नलूला पुढं बोलायचं नव्हतं. पण तिच्या तोंडून शब्द निघून गेले. "राखी, उंचीचं त्यायनं नाई म्हनलं होतं. मीच म्हनलं होतं. मले इचारलं त्यायनं, अन् मी म्हनलं."

राखीनं वळून पाहिलं. तिला नीट ऐकू आलं नाही असं नलूला वाटलं आणि ती पुन्हा सांगू लागली.

"आयकलं मी," राखी म्हणाली.

तेवढ्यात मधल्या थांब्यावर दोन बाया हात करून उभ्या होत्या. राखीनं दोरी ओढली. गाडी थांबली, बाया चढल्या, एकीच्या हातात कोंबडीची टोपली होती. राखीनं त्यांना तिकिटं दिली, टोपली सीटखाली सरकवली, दोनदा घंटी मारली, आणि येऊन बसली.

"मले वाटे," ती म्हणाली, "त्यायले खेळ समजत नाई. म्हनून मी सोडून देल्लं. शहरातले लोकं, त्यायनं उंची पाह्यली, पाय नाई पाह्यले, असं म्हनून मी मनाले समजावलं. बाले बी तेच सांगतलं." ती थांबली. "तुमाले तं समजत होता नं, मॅडम."

नलू हातातलं तिकीट दुमडू लागली.

"काहून म्हनलं?" राखीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच नलूला सोसवेना.

"ते लिहून घेऊन राह्यले होते," नलू म्हणाली. "मी काय म्हनतो ते लिहून घेऊन राह्यले होते." हे उत्तर बोलून दाखवल्यावर किती लहान आहे हे तिला कळलं.

राखी उठली. मारेगावचा फाटा आला होता. "मारेगाव, मारेगाव उतरा," तिनं ओरडून सांगितलं. नलू उतरताना तिनं दार धरून ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नसतं सांगतलं तं बरं असतं, मॅडम."

घंटी वाजली.

त्या दिवशी नलूनं शामला सगळं सांगितलं. सातव्या कलमापासून. शाम फटकळ माणूस, पण त्या दिवशी त्यानं खांबावरच्या पाखराची गोष्ट काढली नाही. "देवसिंगले सांग," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिनिंगच्या फाटकात गेली. हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. देवसिंग गाड्यांचे नंबर लिहून घेत होता. तिनं तिथंच, त्या गोंगाटात उभं राहून सांगितलं की कागदात राखीचं नाव नव्हतं आणि तिला ते माहीत होतं.

देवसिंगनं नंबर लिहिणं थांबवलं नाही. रांगेतली शेवटची गाडी आत गेल्यावर तो म्हणाला, "मी इचारलं होतं तुमाले."

"हो."

"इंग्रजी हाय म्हनून इचारलं होतं."

"हो, देवसिंगभाऊ."

"जा आता मॅडम," तो म्हणाला. "गाड्या येऊन राह्यल्या."

उलंगवाडी झाल्यावर जूनमध्ये नलूनं पुन्हा मालकाला शेड मागितलं. कॉलेज नव्हतं, क्लब नव्हता, तरी चौदा मुली आल्या. चौकटी गंजल्या होत्या, रंगवून घेतल्या. गोलकीपर म्हणून जी मुलगी उभी केली तिला नलू शिकवायला गेली, पण तिचा स्वतःचा गुडघा आता वाकत नव्हता. करून दाखवता येत नव्हतं, नुसतं सांगता येत होतं. महिनाभर तिनं वाट पाहिली. मग राखीला मेसेज केला. माफीचा एक शब्दही त्यात लिहिला नाही, लिहून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं. एवढंच लिहिलं की कीपर मुलीला शिकवणारं कोणी नाही, तुला जमत असलं तर सांग.

आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी आलं. "मंगळवारी माझी सुट्टी असते. येतो. पन तुमी त्या दिवशी येऊ नका."

तेव्हापासून मंगळवारी नलू शेडकडं जात नाही. बुधवारी गेली की मुली तिला काल काय काय झालं ते सांगतात. कीपर मुलगी करूनही दाखवते, आणि ती खरोखरच सुधारत चालली आहे. नलू विचारते ते फक्त खेळाचं. राखी काय बोलली, कशी दिसत होती, हसली का, हे विचारावंसं वाटतं, पण विचारत नाही.

परवाच्या मंगळवारी संध्याकाळी ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. शाम ड्यूटीवरून आला, त्यानं हातपाय धुतले. वणी रोडकडून टिनावर बॉल आपटल्याचा आवाज येत होता, लांबून, पण ओळखू येण्यासारखा.

"जाऊन पाह्य की," शाम म्हणाला. "फाटकाच्या बाहेरून. तिले का समजते?"

"नाई," नलू म्हणाली. "तिनं नोको म्हनलं हाय."

आणि तिनं पुढची शेंग उचलली.